एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलंय, बाळाचं काय? गोव्यातल्या मंडळींनी सांगावं

वाळवंटीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र. आज लिहितोय कारण नातेवाइकांत विचारलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या डिचोलीला कळेल.

बायकोला सहावा महिना संपत आलाय. पहिलीच खेप. नाव नोंदवलं तेव्हाच रक्त घेतलं होतं. एचआयव्ही निगेटिव्ह, साखर ठीक, हिमोग्लोबिन थोडं कमी, एवढंच आम्हाला सांगितलं. गेल्या आठवड्यात नवीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फाइल चाळता चाळता एका पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्याचं पुढं काय केलंत?" एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी. कागद पहिल्यापासून फाइलीतच होता, निळा शिक्का मारलेला, लोहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठीखाली टाचलेला.

बायको ठणठणीत आहे. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, जेवण व्यवस्थित. माझी तपासणी लगेच केली, निगेटिव्ह आली. घरी आईला सांगितलं ते बहुतेक सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवसापासून बायकोचं ताट-पेला वेगळा. आईचं एकच, "भुरग्याक कितें जालें जाल्यार?" (बाळाला काही झालं तर?) बायको काही बोलत नाही, मुकाट्याने तेच ताट धुऊन ठेवते.

तिचं माहेर सावंतवाडीकडे. सातव्यात फुलं माळायची आणि बाळंतपणाला तिकडे पाठवायची असं ठरलं होतं. आता बाळाला हे होणारच का? सिझेरियन केलं तर टळतं का? अंगावर पाजायचं की नाही? आणि माहेरी पाठवू की इथेच ठेवू?

निवृत्त_सिस्टर

बाबा, आधी श्वास घे. सहाव्या महिन्यात कळलंय, हातात वेळ आहे. मी लेबर रूममध्ये आयुष्य काढलं. तिथे दारात आल्यावर कळणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या.

ही कावीळ आईकडून बाळाला जाते ती बहुतेक करून बाळंतपणाच्या वेळी. पोटात असताना मध्ये वार असते, त्यामुळे आधीच लागण झालेली बाळं थोडी. पण बाहेर येताना बाळ आईच्या रक्तातून, स्रावातून येतं. म्हणून जन्मानंतरचे पहिले तास सगळ्यात मोलाचे. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. लस २४ तासांच्या आत, आणि इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो १२ तासांच्या आत. लसीचा परिणाम दिसायला वेळ लागतो. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिपिंडं, तोवर ती खिंड लढवतात.

लसीची चिंता नको, ती सगळ्याच बाळांना पहिल्या दिवशी देतात. घोडं अडतं ते दुसऱ्या इंजेक्शनपाशी. ते महाग, फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि प्रत्येक ठिकाणी हाताशी असेलच असं नाही. बाळंतपणं काही ऑफिसच्या वेळेत होत नाहीत. बाई येते शनिवारी रात्री दोनला, फाइल घरी राहिलेली, आणि स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे तो चतुर्थीला गावी गेलेला. मग सोमवारी सकाळी धावपळ. सोमवारपर्यंत बारा तास कधीच उलटून गेलेले असतात.

तेव्हा फाइलीच्या पहिल्याच पानावर, वरती, लाल पेनने लिहून घे. डॉक्टरांनाच लिहायला लाव. आणि लेबर रूममध्ये पाऊल टाकल्या टाकल्या तोंडाने सांग. "फाइलीत आहे" म्हणू नकोस. फाइलीत काय होतं ते तू पाहिलंस.

ताट वेगळं करायची काडीमात्र गरज नाही. आईला माझं नाव सांग.

फोंड्याचा_बालरोगवाला

सिस्टरनी मुद्द्याचं सांगितलंय, थोडी भर घालतो.

धागाकर्ते, आता दोन तपासण्या करून घ्या: एचबीईएजी, म्हणजे ई-अँटिजेन, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते सांगणारी एचबीव्ही डीएनए. सोबत यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या साध्या चाचण्या. का, तर सगळ्या पॉझिटिव्ह आयांचा धोका सारखा नसतो. काहीच उपाय केला नाही तर ई-अँटिजेन पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या १०० पैकी ७० ते ९० बाळांना लागण होते. ई-अँटिजेन निगेटिव्ह असेल तर हा आकडा बराच खाली, साधारण १० ते ४०. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन वेळेवर दिलं तर बहुतांश बाळं वाचतात. जी थोडी निसटतात ती मुख्यतः आईच्या रक्तात विषाणू फार असतो तेव्हाची. त्यासाठी टेनोफोविर, विषाणू दाबून ठेवणारी गोळी. व्हायरल लोड दर मिलीला २ लाख आययूच्या वर असेल तर २८व्या आठवड्याच्या सुमारास रोज एक गोळी सुरू करतात, बाळंतपणापर्यंत तरी. त्यानंतर बंद कधी करायची ते डॉक्टर ठरवतील, आपण होऊन बंद करायची नाही, कारण अचानक बंद केल्यावर काहींचं यकृत उसळी खातं. जिथे डीएनए आणि ई-अँटिजेन दोन्ही चाचण्या होत नाहीत तिथे सगळ्याच पॉझिटिव्ह गरोदर बायकांना गोळी देता येईल असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये म्हटलंय. तुमचं सहावं संपतंय म्हणता, म्हणजे अगदी नेमकी वेळ आहे. रिपोर्ट यायलाही दिवस जातात, तेव्हा याच आठवड्यात रक्त द्या.

सिझेरियन फक्त ह्या कारणासाठी नको. अंगावर बिनधास्त पाजा. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर त्या बाजूचं तेवढ्यापुरतं थांबवा, बाकी काही नाही.

एवढा आटापिटा बाळासाठीच का, असं पालक विचारतात. मोठ्या माणसाला ही लागण झाली तर १००पैकी ९५ जण स्वतःच विषाणू बाहेर टाकतात. तान्ह्या बाळाला झाली तर १००पैकी ९० जणांत ती जन्मभर मुक्काम करते. बाळाला तेव्हा काहीही होत नाही. ते हसतं-खेळतं, वजन वाढतं. तिशी-चाळिशीत लिव्हर सिरॉसिस नाहीतर कॅन्सर घेऊन तो माणूस येतो, आणि तेव्हा त्याच्या जन्माची रात्र कोणाला आठवते?

झाडपाला_जिंदाबाद

एवढं इंग्रजी औषध पोटुशीला कशाला? आमच्या सांगे भागात काविळीवर मुळी देतात. सकाळी अनशापोटी, आंबट-तेलकट बंद. माझा भाऊ पंधरवड्यात बरा झाला. डॉक्टरने हात टेकले होते.

फोंड्याचा_बालरोगवाला

तुमच्या भावाला झाली ती बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई. पाण्यातून येते, पावसाळ्यात विहिरीत नाहीतर फुटलेल्या नळात गटार मिसळलं की. ती बहुतेकांची आपोआप बरी होते, मुळी घ्या नाहीतर नुसता भात खा. श्रेय मुळीला जातं.

पण गरोदर बाईच्या बाबतीत ई सुद्धा हलक्यात घेऊ नका. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर पाचांतली एखादी बाई दगावते, इतकी वाईट. पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले की मुळीवाल्याकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. त्यात काही झाडपाले यकृतावरच उलटतात, आणि कोणत्या मुळीत काय आहे ते देणारा सांगत नाही.

झाडपाला_जिंदाबाद

बरं. माझा मुद्दा भावापुरता होता.

माशेलची_लेक

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. माझा मुलगा आता शाळेत जातो आणि तो निगेटिव्ह आहे, म्हणून लिहिते.

मला लग्नाआधी रक्तदान शिबिरात कळलं. बाटली घेतली, नंतर फोन आला. पहिला प्रश्न तुमच्यासारखाच, की मला हे कुठून आलं? मी ना कधी रक्त घेतलं, ना टॅटू. लिव्हरच्या डॉक्टरांनी आईला तपासायला सांगितलं. आई पॉझिटिव्ह. आईला साठीपर्यंत पत्ता नव्हता. आम्ही जन्मलो तेव्हा ही लस सरकारी वेळापत्रकात नव्हतीच, देशभर आली २०११च्या आसपास. म्हणजे आज ज्या मुली बाळंत होतायत त्यातल्या बहुतेकींना ती तान्हेपणी मिळालेली नाही. दादा, वहिनींच्या आईला आणि भावंडांना तपासून घ्या. हे सांगताना "तुमच्याकडून आलं" अशा सुरात सांगू नका. माझ्या नवऱ्याने सुरुवातीला तसं केलं आणि वर्षभर माहेर-सासर अबोला.

आणखी एक. बाळाची तपासणी घाईने करू नका. माझ्या सासऱ्यांनी बारशाच्या आधीच बाळाचं रक्त खाजगी लॅबमध्ये पाठवायचा हट्ट धरला होता. तेव्हा केलं तर घोळच होतो, लसीमुळे किंवा दिलेल्या प्रतिपिंडांमुळे रिपोर्ट भलतंच सांगू शकतो. नऊ महिने झाल्यावर, वर्षाच्या आत, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं), दोन्ही करायचं. पहिलं निगेटिव्ह आणि दुसरं १०च्या वर आलं की पेढे वाटा. मी वाटले, कशाचे ते मात्र कोणाला सांगितलं नाही.

पर्वरीचा_मास्तर

ताट वेगळं केल्याचं वाचून राहवलं नाही. आपल्या गोव्याला ह्या बाबतीत जुनी जखम आहे. डॉमनिक डिसोझा ह्या तरुणाने रक्तदान केलं, त्यातून एचआयव्ही निघाला, आणि १९८९ साली त्याला धरून जुन्या टीबी इस्पितळात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. तेव्हाचा गोव्याचा कायदाच तसा होता. त्याची आई लुसी हायकोर्टात गेली. डॉमनिक १९९२मध्ये गेला, पण जाण्याआधी त्याने इथे लागण झालेल्यांसाठी संस्था उभी केली. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि चहाच्या टपरीवर काय काय बोलायचो ते आज आठवलं तरी नको वाटतं. हिपॅटायटिस बी ताटातून, पेल्यातून, मिठी मारल्याने पसरत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश, सुई, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं. ते तसंही वेगळंच असावं.

साधासुधा_३

आडनाव-गाव नको, म्हणून नवीन आयडी. माझ्या बहिणीला गरोदरपणात एचआयव्ही निघालाय. मास्तरांचं वाचून धीर झाला. तिचंही असंच औषधाने टळतं का?

निवृत्त_सिस्टर

टळतं, आणि आज तर फारच चांगलं टळतं. काहीच केलं नाही तर १००पैकी १५ ते ४५ बाळांना जातो. आईने एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, वेळेवर सुरू केलं आणि रोज न चुकता घेतलं तर आकडा पाचाच्या खाली, आणि रक्तातला विषाणू दबला असेल तर एक-दोनपर्यंत येतो. २०१४पासून आपल्याकडे प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला लगेच आणि जन्मभराचं एआरटी देतात, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आहे त्याची वाट बघत नाहीत. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापीन सिरप, कमीत कमी सहा आठवडे. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणी, पुढे ठरावीक महिन्यांनी पुन्हा, दीड वर्षापर्यंत. सगळं फुकट. जवळच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात, जाऊ दे, नाहीतर १०९७ ह्या हेल्पलाइनला फोन कर, नाव विचारत नाहीत. तिच्या संमतीशिवाय तिची माहिती कोणाला द्यायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. सासरच्यांनाही.

चिखलीची_माय

धागा थोडा भरकटवते, माफ करा. माझा पहिला सव्वादोन वर्षांचा, दुसऱ्या वेळी दोन महिने झालेत. मागे एकदा गर्भ राहिला नव्हता म्हणून एका ठिकाणी टॉर्च पॅनल (गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासण्या एकत्र) करायला लावलं, साडेतीन हजार घेतले. सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह, रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह, टॉक्सो आयजीएम "बॉर्डरलाइन". लॅबच्या कागदावर ठळक लाल. रात्री दोनपर्यंत गूगल करून करून डोळे सुजले. मूल बहिरं, आंधळं, डोकं लहान, काय काय दिसतं तिथे!

फोंड्याचा_बालरोगवाला

टॉर्च ह्या विषयावर मी बोलायला लागलो की बायको खोलीतून उठून जाते, तरी सांगतो.

आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे तो आजार कधीतरी होऊन गेला किंवा लस मिळाली. तुमचं रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह आहे ही आनंदाची गोष्ट आहे, लॅबने ती लाल रंगात छापली हा त्यांच्या प्रिंटरचा दोष. सीएमव्ही हा विषाणू आपल्याकडे बहुतेक सगळ्याच बायकांना लहानपणीच होऊन गेलेला असतो. आयजीएम हे ताज्या लागणीचं प्रतिपिंड, पण ते महिनोन्महिने रेंगाळतं, कधी खोटंच येतं, त्यावरून कोणीही गर्भपात करा म्हणालं तर आधी तिथून उठा. खरीच शंका असेल तर आयजीजी अॅव्हिडिटी म्हणून चाचणी आहे, लागण जुनी की ताजी ते तिच्यातून कळतं. आणि टॉक्सो तर विषाणूही नाही, परजीवी आहे, नुसता त्या यादीत बसवलेला. एक-दोन गर्भपात झाले म्हणून सरसकट टॉर्च करण्याला आधार नाही. ते पैसे आता परत येणार नाहीत. कागद तुमच्या डॉक्टरीणबाईंना दाखवा आणि दोनला झोपत जा.

पण सव्वादोन वर्षांचा मुलगा घरात आहे म्हणून एक खरं सांगण्यासारखं. सीएमव्ही लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्महिने असतो. जुनी लागण असली तरी नवा प्रकार चिकटू शकतो, धोका कमी पण शून्य नाही. जन्मजात बहिरेपणाचं हे एक मोठं कारण आहे. पोराचं उष्टं संपवू नका.

चिखलीची_माय

उष्टं संपवू नका?? मग माझं जेवण होतं कुठे! दुपारी त्याच्या ताटलीत उरलेला वरणभात, चघळून टाकलेली फोड, हेच तर माझं जेवण. चमचाही फुंकर मारून तोंडात घालून गरम आहे का बघते आधी.

फोंड्याचा_बालरोगवाला

तेच बंद. नऊ महिने स्वतःचं ताट वाढून घ्या. चमचा मनगटावर टेकवून बघा. लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात. पापी ओठांवर नको, टाळूवर घ्या. अंगणवाडी आणि बालवाडीतल्या शिक्षिकांनाही हेच.

पर्वरीचा_मास्तर

रुबेलाचा विषय निघाला म्हणून. २०१७च्या फेब्रुवारीत गोवर-रुबेला लसीची मोहीम देशात पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात कर्नाटक, तामिळनाडू, पुदुच्चेरी, लक्षद्वीपबरोबर गोवाही होता. नऊ महिने ते पंधरा वर्षांखालची सगळी मुलं. शाळेत आम्ही रांगा लावल्या आणि व्हॉट्सअॅपवर एकच गदारोळ. वंध्यत्व येतं, मुलं बेशुद्ध पडतात. काही पालक त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवेनात. मी एका पालकाला विचारलं, "तुमच्या मुलीला रुबेला, म्हणजे जर्मन गोवर, झाला तर दोन दिवस ताप येईल, पुरळ येईल, जाईल. मग लस कशाला?" तो म्हणाला, "तेच तर!" तेव्हा सांगितलं की ही लस तुमच्या मुलीसाठी कमी आणि तुमच्या नातवासाठी जास्त आहे. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झालेल्या आईच्या बाळाला मोतीबिंदू, हृदयाला छिद्र, बहिरेपण. हे १९४१मध्ये नॉर्मन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियन डोळ्यांच्या डॉक्टरने हेरलं. एवढी तान्ही बाळं मोतीबिंदू घेऊन का येतात म्हणून आयांना विचारत गेला आणि प्रत्येकीच्या बोलण्यात तोच पुरळ. त्या पालकाने सही केली. दुसऱ्या दिवशी परत येऊन धाकटीचीही केली.

निवृत्त_सिस्टर

मास्तर, एक जोडते. ती लस जिवंत विषाणूची असते, गरोदरपणात देत नाहीत. लग्न ठरलेल्या मुलींनी आधी घ्यावी आणि महिनाभर दिवस जाऊ देऊ नयेत. कांजिण्यांच्या लसीचंही तसंच. घरात कोणाला कांजिण्या आल्या आणि गरोदर बाईला पूर्वी झालेल्या नसतील तर "देवी आलीय" म्हणून कडुलिंबाच्या डहाळ्या लावून बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाळंतपणाच्या आधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस ह्या काळात आईच्या अंगावर फोड आले तर बाळाला फार जड जातं, त्याला आईकडून प्रतिपिंडं मिळायला वेळच मिळालेला नसतो.

मुरगावचा_मच्छर

आमच्या नावाला जागून विचारतो, डेंगी आणि झिका? २०२४मध्ये पुण्यात गरोदर बायकांना झिका झाल्याच्या बातम्या होत्या. माझी मेहुणी तिथेच आयटीत.

फोंड्याचा_बालरोगवाला

दिवसा चावणारा एडिस, तोच तिन्हींचा वाहक: डेंगी, चिकनगुनिया, झिका. डेंगी-चिकनगुनियात धोका मुख्यतः बाळंतपणाच्या आसपास आईला ताप असेल तर. झिका मात्र पहिल्या महिन्यांत झाला तर बाळाच्या मेंदूवर परिणाम करू शकतो, ब्राझीलमध्ये २०१५ला जे झालं ते. मेहुणीला ताप-पुरळ आला तर लघवी आणि रक्त तपासायला सांगा, आणि झिका संबंधातूनही पसरतो, त्यामुळे नवऱ्याला ताप आला तरी सांगायचं. बाकी टायर, करवंट्या, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालच्या बशा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि बशीतलं पाणी तसंच असतं.

वाळवंटीकाठचा (धागाकर्ता)

दोन आठवड्यांनी येतोय. ई-अँटिजेन पॉझिटिव्ह आलं, व्हायरल लोड कोटींमध्ये. आकडा वाचून हात गार पडले होते, पण इथे आधी वाचलं होतं म्हणून डॉक्टर "टेनोफोविर" म्हणायच्या आत मीच म्हणालो. राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमातून गोळ्या फुकट मिळाल्या, २०१८पासून हा कार्यक्रम आहे हे मला माहीतच नव्हतं. मला लसीचा पहिला डोस झाला, पुढचे महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

माहेरचं असं ठरवलं की सासूबाईच इकडे येतील. सावंतवाडीकडे अवघड झालं तर शेवटी बांबोळीच (गोवा मेडिकल कॉलेज) गाठायची, मग बाळंतपणाच्या कळांत हायवेवर कशाला? फुलं माळायचा कार्यक्रम आमच्याच अंगणात झाला. सासूबाईंना थोडं वाईट वाटलं.

आईला सिस्टरचा निरोप वाचून दाखवला. ती म्हणाली, "ती कोण मला शिकवणारी?" पण संध्याकाळी बायकोला वाढताना नेहमीचं स्टीलचं ताट काढलं. मी काही बोललो नाही.

निवृत्त_सिस्टर

बोलू नकोसच. आता इम्युनोग्लोब्युलिनचं आत्ताच पक्कं कर. जिथे बाळंत होणार तिथे समोर जाऊन विचार, इंजेक्शन आत्ता शिल्लक आहे का आणि रात्री कोण काढून देतं. नसेल तर आठव्या महिन्यात मागवून ठेवायला लाव.

माशेलची_लेक

आणि रोजची गोळी जेवणाच्या वेळेला बांधा. मी मोबाइलचा गजर लावायचे आणि बंद करून झोपायचे. शेवटी नवराच पाण्याचा पेला घेऊन उभा राहायला लागला.

वाळवंटीकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, मुलगी झाली. आठवडा झाला, कालच सटी पुजली. साधं बाळंतपण. रात्री अकराला कळा सुरू झाल्या, आत शिरताना मी सिस्टरनी सांगितलं तसं मोठ्याने सांगितलं. ड्युटीवरची नर्स म्हणाली, "माहीत आहे, फ्रिजमध्ये नावाची चिठ्ठी लावून ठेवलंय." पहाटे जन्म, आणि दोन तासांत दोन्ही मांड्यांना छोट्या पट्ट्या. कार्डावर दोन्हींची वेळ लिहून घेतली. दूध पितेय, रडतेय, झोपू देत नाही.

दुसरी बातमी बरी नाही. सासूबाई निगेटिव्ह निघाल्या पण जुनी लागण होऊन गेल्याची खूण आहे म्हणे, आणि मेहुणा पॉझिटिव्ह. त्याचं लग्न ठरलंय, पुढच्या मे महिन्यात. मुलीकडच्यांना सांगायचं का ह्यावर घरात दोन तट पडलेत. तुम्ही काय म्हणता?

माशेलची_लेक

अभिनंदन!! मेहुण्याने मुलीला स्वतः सांगावं, तिच्या आईवडिलांमार्फत नाही. तिला लस द्या, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. मे दूर आहे, आत्ता सुरू केलं तर लग्नाआधी आटपतं. मला लपवायचा सल्ला देणारे खूप होते. रक्तदानाची चिठ्ठी मी साखरपुड्याच्या आधी त्याच्या हातात दिली होती.

फोंड्याचा_बालरोगवाला

अभिनंदन. मेहुण्याची लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी, औषध लागेलच असं नाही पण डोळा ठेवायला हवा. दारू असेल तर ती मात्र बंद, गोव्यात हे सांगणं अवघड आहे तरी.

निवृत्त_सिस्टर

बाळीला माझा आशीर्वाद. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांची एकत्र लस, त्यात ही हिपॅटायटिस बीची लस असतेच. पहिल्या दिवशीच्या दोन सुयांनी काम संपलं असं समजून लोक पुढची टाळतात, तसं करू नकोस. पावसामुळे उपकेंद्रातला लसीचा दिवस रद्द झाला तर पुढच्या महिन्याची वाट न बघता साखळीच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. आणि टेनोफोविर चालू आहे ना बायकोची? बाळंतपणाच्या गडबडीत तीच गोळी आधी विसरतात.

वाळवंटीकाठचा (धागाकर्ता)

चालू आहे. आईच देते, दुपारच्या पेजेबरोबर. मेहुण्याशी रविवारी बोलतो.